रात्रीची दांतदुखी आणि शेजारधर्म

मनुष्यास जीं दुखणीं होतात, त्यांत कांहींचा मान मोठा व कांहींचा लहान असा भेद लोकांनीं करून ठेविला आहे. कोणास सर्प चावला किंवा कोणाच्या छातींत कळ आली म्हणजे सारी आळी उठते. कोणी गाडी काढतो, कोणी डॉक्टराकडे धांवतो, आणि किती वाजले हें कोणी विचारीत नाहीं. परंतु दाढ दुखते असें कोणी म्हणालें, तर ऐकणारा किंचित् हंसतो, लवंग धरावयास सांगतो आणि कुशीवर वळून निजतो. दांतदुखी सकाळपर्यंत सोसावी, हें आमच्या लोकांत जणूं ठरून गेलें आहे. हें सांगणें न्यायाचें आहे काय? दवाखान्याचें दार बंद असतां ज्याला असह्य वेदना होते, त्याचा आपल्या शेजाऱ्यावर, वैद्यावर आणि एकंदर समाजावर कांहीं हक्क पोंचतो काय? पोंचत असल्यास तो किती, व तो कोणीं पुरवावा? ह्या प्रश्नाचा थोडा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचार हवेंत राहूं नये म्हणून आम्ही आपल्याच जिल्ह्यांतील शिर्डी हा गांव उदाहरणास घेतों. एके काळीं कोपरगांव तालुक्यांतलें हें एक लहान खेडें होतें. आतां तें राहाता तालुक्यांत मोडतें. १९१८ सालीं साईबाबांचें देहावसान झालें, आणि त्यानंतर येथें येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या वाढत गेली. २००९ सालीं रेल्वेचें स्थानक झालें, २०१७ च्या आक्टोबरांत जवळच काकडी येथें विमानतळ सुरू झाला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबईहून वेगवान ‘वंदे भारत’ गाडीही येऊं लागली. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत रस्ता माणसांनीं भरलेला असतो, आणि शेजारती झाल्यावरही गांव निजतो असें नाहीं. खोल्या भाड्यानें देणारे, स्वयंपाकी, फुलें व प्रसाद विकणारे, मोटारी हांकणारे व झाडलोट करणारे अशीं किती तरी माणसें तेथें रात्रीं कामावर असतात. अपरात्रीं तेथें चहा मिळेल, खोली मिळेल, गांवाला जावयास वाहन मिळेल. परंतु त्याच वेळीं एखाद्या यात्रेकरूची दाढ ठणकूं लागली, किंवा एखादें मूल पायरीवर पडून त्याचा पुढचा दांत निखळला, तर कोणतें दार ठोठवावें हें त्यांस कोण सांगणार? शिर्डीस नांव ठेवण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. आमच्या बहुतेक गांवांची व पुष्कळ शहरांचीही हीच अवस्था आहे. जेथें रात्रही दिवसासारखी जागी असते तेथें ही उणीव अधिक स्पष्ट दिसते, इतकेंच.

विद्येचा तुटवडा आहे म्हणून असें होतें, असेंही म्हणतां येत नाहीं. १९२० सालीं कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं ह्या देशांतील पहिलें दंत महाविद्यालय काढिलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. १९४८ सालीं दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आज देशांत दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेंहून अधिक आहे, आणि त्यांतील एक, प्रवरा संस्थेचें ग्रामीण दंत महाविद्यालय, शिर्डीच्याच तालुक्यांत लोणी येथें १९९० पासून चाललें आहे. म्हणजे विद्या दाराशीं आली आहे, शिकलेलीं माणसें आहेत, औषधेंही आहेत. अडलें आहे तें घड्याळापाशीं व वाटेपाशीं.

दांतदुखीनें कोणी मरत नाहीं, हा समज प्रथम काढून टाकिला पाहिजे. दांताच्या पोटांत जो मऊ भाग असतो, त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात, आणि त्याच्या चोहोंकडे कठीण भिंती असतात. शरीराच्या दुसऱ्या भागास सूज आली तर कातडी ताणते व सुजेला जागा मिळते. दांताच्या आंत तशी जागा नाहीं. त्यामुळें कीड खोलवर जाऊन हा भाग सुजला म्हणजे सारा दाब मज्जातंतूवर येतो. मनुष्य आडवा झाला कीं डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसा जी दाढ नुसती कुरकुरत होती, ती रात्रीं ठणकूं लागते. शिवाय दिवसाचा गलबला थांबलेला असतो व मनाला दुसरा विषय नसतो. तात्पर्य, दांत रात्रींच अधिक दुखतो ही रोग्याची कल्पना नव्हे; ह्या रोगाची ती रीतच आहे. जो रोग रात्रीं वाढतो त्याचा वैद्य केवळ दिवसा भेटावा, ही व्यवस्था रोग पाहून केलेली नाहीं, हें उघड आहे.

ह्याहून भयंकर गोष्ट अशी कीं, खालच्या दाढेच्या मुळाशीं झालेला पू कधीं कधीं जिभेखालच्या व हनुवटीखालच्या भागांत पसरतो. तेथें लांकडासारखी कठीण सूज येते, जीभ वर उचलली जाते, गिळवत नाहीं, आणि शेवटीं श्वासाची वाट बंद होऊं लागते. विल्हेल्म फ्रीड्रिख फॉन लुडविग ह्या जर्मन वैद्यानें १८३६ सालीं ह्या रोगाचें वर्णन लिहून ठेविलें, व तो त्याच्याच नांवानें ओळखिला जातो. जंतुनाशक औषधें निघाल्यापासून त्याचे बळी पुष्कळ कमी झाले आहेत. परंतु औषध वेळेवर पोंचलें तरच उपयोगी. आणि अशा रोग्याची वेळ तासांनीं मोजावयाची असते, दिवसांनीं नव्हे. त्याला ‘सकाळीं या’ असें सांगणें म्हणजे सकाळ त्याच्या वांट्यास येईलच असें गृहीत धरणें होय.

अशीं प्रकरणें थोडीं, हें आम्हांस मान्य आहे. बहुतेक दांतदुख्या मारीत नाहींत. त्या केवळ छळतात. मग ज्या दुःखानें जीव जात नाहीं, त्याचा कांहीं हक्क आहे काय, हाच खरा नीतीचा प्रश्न आहे. आमच्या मतें आहे. त्याचें कारण असें. पूर्वीं दांतदुखीवर उपायच नव्हता. दांत उपटणें हा उपाय रोगाइतकाच भयंकर होता, कारण तो शुद्धीवर असतां, बधिरतेवांचून, चौघांनीं धरून करावयाचा होता. अमेरिकेंत १८४४ सालीं होरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें वायु हुंगवून व १८४६ सालीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून वेदना बंद करण्याचे प्रयोग केले. १८८४ सालीं विएन्ना येथें कोल्लर यानें डोळ्याचा भाग तेवढाच बधिर करण्याची युक्ति शोधून काढिली, आणि ती लवकरच दांतांच्या कामींही आली. आज जें लिडोकेन नांवाचें औषध हिरडींत टोंचतात, तें १९४३ सालीं स्वीडन देशांत तयार झालें. तेव्हांपासून एका सुईनें कांहीं मिनिटांत ती कळ थांबवितां येते. जोंपर्यंत उपाय नव्हता, तोंपर्यंत कळ सोसणें हा सद्गुण होता, आणि आमच्या वाडवडिलांनीं तो दाखविला. परंतु उपाय हाताशीं असतां दुसऱ्यास सोसावयास लावणें, ह्याला सहनशीलतेचें नांव देतां येत नाहीं. जो स्वतः सोसतो त्याचें धैर्य वाखाणावें; जो दुसऱ्याला सोस म्हणतो त्यानें आपण तसें कां म्हणतों हें आधीं तपासून पाहावें.

आतां ‘नेहमीची वेळ’ ह्या शब्दांकडे वळूं. दवाखाना सकाळीं उघडतो, दुपारीं झांकतो, सायंकाळीं पुनः उघडतो व रात्रीं बंद होतो. सरकारी रुग्णालयांत बाहेरच्या रोग्यांस पाहण्याचे तास याहूनही थोडे असतात. ही वेळ कोणाची नेहमीची वेळ आहे? कचेरींत बसणाऱ्याची, दुकानदाराची, मासिक पगार घेणाऱ्याची. राहाता, कोपरगांव व श्रीरामपूर ह्या भागांत दरवर्षीं आक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडावयास बीड, पाथर्डीकडून हजारों कुटुंबें येतात व शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. पहांटे अंधार असतां त्यांचें काम सुरू होतें, आणि गाडी भरून कारखान्यावर नेईपर्यंत पुष्कळदां रात्र होते. नवराबायको मिळून त्यांस एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल आधींच अंगावर असते, आणि एक दिवस कामावर न गेल्यास खाडा धरून पैसे कापले जातात. अशी एखादी बाई दाढ दुखते म्हणून दुपारीं अकरा वाजतां तालुक्यास कशी जाईल? तिची मजुरी बुडते, खाडा पडतो, वाहनाचें भाडें जातें, आणि इतकें करून रांगेंत तिचा नंबर लागण्यापूर्वीं खिडकी बंद होते. म्हणून ती गालाला फडकें बांधते, मिश्रीचें बोट फिरविते आणि ऊस तोडीत राहते. तिच्या दृष्टीनें दिवसाचा दवाखानाही बंदच आहे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे दिसून येतें कीं, अवेळीं येणारा रोगी हा बहुधा हट्टी किंवा आळशी नसतो. वेळ ठरवितांना ज्याला कोणीं विचारिलें नाहीं, असा तो असतो.

येथें एक आक्षेप नेहमीं निघतो. लोक म्हणतात, ह्याला हें दुखणें त्याच्याच कर्मानें झालें. त्यानें गुटखा खाल्ला, तंबाखूची गोळी दाढेंत धरिली, दांत कधीं घांसले नाहींत, दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरानें सांगितलें तें ऐकिलें नाहीं. आतां मध्यरात्रीं ओरडतो. ह्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्याच्या विक्रीस बंदी केली ती कांहीं विनाकारण नव्हे. तंबाखू व सुपारी यांनीं तोंडाचा कसा नाश होतो हें घरोघर दिसतें आहे. म्हणून कोणी हा उपदेश करील तर आम्हीही त्याच्या स्वरांत स्वर मिळवूं. पण उपदेशाची वेळ व मदतीची वेळ ह्या दोन वेगळ्या आहेत. घराला आग लागूं नये म्हणून चुलीपाशीं जपावें, असें शंभर वेळां सांगावें. परंतु आग लागल्यावर, ‘तुला सांगितलें होतें’ असें म्हणून घागर हातांत धरून उभें राहणें हा अधर्म होय. वैद्यानें कारण विचारावें तें उपचार नीट व्हावा म्हणून; निवाडा देण्यासाठीं नव्हे. शिवाय ज्याच्या घरीं लहानपणीं कोणी दांत घांसावयास शिकविलें नाहीं, ज्याच्या भुकेला तंबाखूनें दाबावें लागलें, त्याच्या कर्मांत आपल्या सर्वांचा किती वांटा आहे, हाही हिशेब एकदां करून पाहावा.

इतका वेळ आम्ही रोग्याच्या बाजूनें बोललों. आतां डॉक्टराच्या बाजूनेंही तितक्याच प्रामाणिकपणें बोललें पाहिजे, नाहीं तर हा विचार एकांगी होईल. दंतवैद्य हाही मनुष्यच आहे. दिवसभर मान वांकवून, बोटांवर नजर रोखून तो काम करितो. थकलेल्या हातानें दांताचें काम करणें रोग्याच्या हिताचें नाहीं. त्याचीं हत्यारें निर्जंतुक करावीं लागतात, खुर्चीला व यंत्राला वीज लागते, मदतनीस लागतो. गांवांतल्या दवाखान्यांत बहुधा तो एकटाच असतो, आणि पुष्कळ ठिकाणीं ती एकटी स्त्री असते. मध्यरात्रीं अनोळखी माणसांनीं दार ठोठाविलें तर तिनें तें उघडावें असें तिचा बाप किंवा भाऊ म्हणेल काय? डॉक्टरांवर हात टाकण्याचे प्रकार इतके झाले कीं, २०१० सालीं महाराष्ट्रांत त्याविरुद्ध निराळा कायदा करावा लागला. शुभवर्तमानांत मध्यरात्रीं मित्राचें दार ठोठावून भाकर मागणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. आंतल्या मनुष्यानें जीं कारणें सांगितलीं तीं खोटीं नव्हतीं: दार लावलेलें होतें व मुलें निजलेलीं होतीं. त्या दृष्टांतांत आम्ही नेहमीं मागणाऱ्याच्या आग्रहाकडे पाहतों. आंतल्याच्या अडचणीही खऱ्या होत्या, इकडे क्वचित् लक्ष देतों. एकाच माणसानें प्रत्येक रात्रीं उठावें, असें त्या दृष्टांतावरून कोणीं काढूं नये.

मग हें ओझें कोणाचें? आमचें उत्तर असें कीं, तें एका माणसाचें नव्हे, गांवाचें आहे. परंतु गांवाचें आहे म्हणून तें कोणाचेंच नाहीं असें होतां कामा नये. जें काम सर्वांचें असतें तें नेमून दिल्यावांचून कोणीच करीत नाहीं, आणि रात्रींचें काम तर मुळींच नाहीं. ही गोष्ट आमच्या जुन्या गांवगाड्यास ठाऊक होती. गांवांत जागल्या असे. तो रात्रभर जागे, म्हणून बाकीचे निर्धास्त निजत. सर्व गांवानें अर्धवट जागें राहण्यापेक्षां एकानें पुरतें जागावें, हें त्या व्यवस्थेंतलें शहाणपण होतें. मात्र त्यांत एक मोठें पापही होतें. जागण्याचें काम जन्मावरून लादलेलें होतें, आणि गांवानें ज्यांस शिवूं दिलें नाहीं अशांच्याच डोक्यावर बहुधा तें येई. मोबदला अपुरा, मान मुळींच नाहीं, आणि ‘नको’ म्हणण्याची सोय नाहीं. म्हणून त्यांतलें शहाणपण तेवढें घ्यावें व पाप टाकून द्यावें. आजचा जागल्या जन्मानें ठरूं नये, पाळीनें ठरावा. त्याला मोबदला मिळावा, मान मिळावा, संरक्षण मिळावें, आणि दुसऱ्या दिवशीं विसांवा मिळावा.

असें करणें फार अवघड आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एका गांवांत व त्याच्या शेजारच्या दोन-चार गांवांत मिळून दहा दंतवैद्य असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास दहांतून एक रात्र येते. त्या रात्रीं त्यानें दवाखान्यांतच बसावें असें नाहीं. दूरध्वनीवर उत्तर द्यावें, सल्ला द्यावा, आणि खरोखर गरज असेल त्यासच बोलवावें. पाहावयाची जागा एखाद्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयांत ठेविली, तर पहारेकरी, दिवा व माणसें तेथें असतातच, आणि एकट्या स्त्रीलाही भय राहत नाहीं. रात्रीं पूर्ण उपचार करावयाचा नसतो, हेंही लक्षांत ठेवावें. कळ थांबविणें, पू बाहेर काढणें, रक्त बंद करणें, निखळलेला दांत जागीं बसविणें, आणि धोका असेल त्याला मोठ्या रुग्णालयांत धाडणें एवढेंच रात्रींचें काम. बाकीचें सकाळीं. उलट रात्रीं कोणी भेटला नाहीं म्हणजे रोगी कोणाही अडाण्याकडून दांत उपटवून घेतो, आणि जो दांत दुसऱ्या दिवशीं वांचविता आला असता तो जन्माचा जातो.

‘अशी सोय केली तर जो तो रात्रींच येईल,’ असें कोणी म्हणेल. ह्याला उत्तर चाळणी हें आहे, कुलूप हें नव्हे. इंग्लंडांत दवाखाने बंद असतां १११ ह्या क्रमांकावर विचारावें लागतें. तेथील माणसें प्रश्न विचारून कोणाला लगेच पाहिलें पाहिजे व कोणाला थांबतां येईल हें ठरवितात. तेथेंही सर्व सुरळीत आहे असें नाहीं. दंतवैद्य न मिळाल्यामुळें स्वतःच्या हातानें दांत ओढणाऱ्यांच्या बातम्या तेथूनही येतात. तरी रात्रीं विचारावयास एक जागा असावी, हें तत्त्व तेथें मान्य झालें आहे. आपल्या महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि ज्याच्या सुजेमुळें श्वास अडतो त्यानें तिला बोलाविण्यास मुळींच संकोच करूं नये. त्याच सुमारास केंद्र सरकारनें मुखाच्या आरोग्यासाठीं निराळा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालच्या अहवालांत सांगितलें आहे कीं, जगांतील सुमारें साडेतीनशें कोटि माणसांस तोंडाचा कांहीं ना कांहीं रोग आहे. इतक्या मोठ्या समुदायाच्या दुःखास ‘किरकोळ’ म्हणण्याचा अधिकार कोणास असेल तो असो; आम्हांस नाहीं.

कायद्यानेंही ह्या बाबतींत मौन धरिलेलें नाहीं. १९८९ सालीं परमानंद कटारा ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जखमी मनुष्याचा जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टराचें, सरकारी असो वा खाजगी, पहिलें कर्तव्य आहे. पुढें १९९६ सालीं बंगालमधील एका शेतमजुराचा खटला त्याच न्यायालयापुढें आला. तो आगगाडींतून पडून जबर जखमी झाला होता, आणि खाट नाहीं, सोय नाहीं असें म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं त्याला परत पाठविलें होतें. वेळेवर उपचार न मिळणें हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहींत ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं, असा निकाल होऊन त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविण्यांत आली. हे निकाल दांताविषयीं नव्हते, आणि प्रत्येक दुखऱ्या दाढेला ते लागू करणें योग्य होणार नाहीं. परंतु दारावरून हांकून देणें म्हणजे कांहींच न करणें नव्हे, तीही एक कृति आहे व तिचा जाब द्यावा लागतो, हें त्यांतलें तत्त्व मनुष्याच्या सर्वच दुःखांस लागू आहे.

हक्काबरोबर कर्तव्यही येतें. म्हणून रोग्यासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्याची दाढ आठ दिवस दुखत आहे व जो दिवसा जाऊं शकत होता, त्यानें रात्रीं दुसऱ्याची झोंप मोडूं नये. रात्रीं जाण्याजोग्या गोष्टी ह्या: चेहऱ्याची किंवा गळ्याची वाढती सूज, विशेषतः ताप, गिळतांना त्रास, तोंड न उघडणें किंवा श्वास अडणें, न थांबणारें रक्त, जबड्यास मार, अपघातानें निखळलेला दांत, आणि औषधानें न शमणारी कळ. ज्यांस रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांनीं रक्तस्राव झाल्यास विशेष जपावें. मोठ्या मुलाचा किंवा माणसाचा कायमचा दांत निखळला, तर तो मुळाला न धरतां वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, घांसूं नये. मळ असल्यास क्षणभर पाण्यानें धुवून शक्य तर त्याच खांचेंत बसवावा व स्वच्छ फडकें हलकेंच दाबून धरावें. तें जमत नसेल तर दांत दुधांत ठेवून तत्काळ निघावें. अर्ध्या तासांत पोंचल्यास तो जगण्याची आशा चांगली. तासाभरानंतर ती फार कमी होते. मात्र दुधाचा दांत पुनः बसवूं नये. दाढ दुखत असतां मिठाच्या कोमट पाण्यानें चूळ भरावी, डोकें उंच ठेवून निजावें, लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन किडक्या जागीं लावावा. अस्पिरिनची गोळी हिरडीवर धरूं नये. तिनें हिरडी भाजते. तंबाखू, मिश्री, तापविलेली सुई, ॲसिड असले उपाय तर स्वप्नांतही करूं नयेत. दुकानांतून नांव सांगून आणलेल्या जंतुनाशक गोळ्यांनीं दांताच्या आंतली कळ जात नाहीं, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें.

आतां आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं काय करावें? रुग्णालय बांधण्याची शक्ति आपणांत नसेल; पण माहिती ठेवण्याची शक्ति प्रत्येक मंडळींत आहे. आपल्या गांवापासून सर्वांत जवळ रात्रीं कोणतें रुग्णालय उघडें असतें, तेथें दांताचें कोण पाहतें, केव्हां पाहतें, तेथवर जावयास कोणाचें वाहन मिळेल, हें दोन वडील माणसांनीं एकदां प्रत्यक्ष जाऊन विचारून यावें व मंदिराच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावें. तालुक्याच्या दंतवैद्यांस आदरानें भेटून पाळीची विनंती करावी, आणि विनंती करितांना त्यांच्या संरक्षणाची व मोबदल्याची जबाबदारी आपणही घेऊं असें सांगावें. आणि ज्या डॉक्टरांस पाळी जमत नाहीं, त्यांनीं निदान एक गोष्ट करावी: रात्रीं दार लावतांना ‘बंद’ एवढीच पाटी न लावतां, ‘येथें बंद आहे, अमक्या ठिकाणीं जा’ असें त्यावर लिहावें. ह्यास कांहीं खर्च नाहीं. पहिल्या पाटीनें रोगी रस्त्यावर सोडला जातो; दुसरीनें त्याला वाट मिळते.

वैद्यानें झोंपूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. सर्वांनीं झोंपावें, पण सर्वांनीं एकाच वेळीं झोंपूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे. मरणाला भिऊन आपण पुष्कळदां उठतों, आणि उठावेंही. परंतु जेथें मरण नाहीं, केवळ दुःख आहे, तेथें जो उठतो त्याच्या उठण्यांत भय नसतें. तेथें खरा शेजारधर्म दिसतो. ज्या रात्रीं शिर्डीच्या बाजारांतल्या नवख्या यात्रेकरूस व उसाच्या फडांतल्या कोयत्याच्या बाईस, दोघांसही, कोठें जावें हें ठाऊक असेल व तेथें दार उघडें सांपडेल, त्या रात्रीं हा तालुका, आणि त्याबरोबर आपण सर्व, थोडे अधिक माणसांत आलों असें म्हणतां येईल. तें करणें आपल्या हातीं आहे.